शिवडी ते भायखळा : मुंबईच्या सार्वजनिक वनस्पती उद्यानाची घडण आणि ऋतुचक्र

प्रास्ताविक

मुंबईच्या नागरी इतिहासलेखनात बंदर, गिरण्या, रेल्वे, किल्ल्याची तटबंदी आणि तिच्या पाडावानंतर उभ्या राहिलेल्या भव्य इमारती यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाला मिळालेले नाही. 'राणीची बाग' या नावाने सर्वपरिचित असलेले हे उद्यान लोकांच्या स्मरणात आहे ते प्रामुख्याने प्राणिसंग्रहालय म्हणून. वास्तविक पाहता येथे प्राणी आले ते उद्यान सुरू झाल्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी. मूळ हेतू वनस्पतींचा होता. हा हेतू कसा जन्मला, कोणाच्या हातून आकाराला आला, कोणत्या काळात विस्मरणात गेला आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याची आठवण शहराला का करून द्यावी लागली, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. बागेतील वृक्षांचे व पक्ष्यांचे वार्षिक वेळापत्रक हाही त्या इतिहासाचाच भाग आहे, असे येथे मानले आहे. कागदोपत्री पुराव्यांत ज्या गोष्टी सापडत नाहीत, त्यांपैकी काही झाडांच्या फुलोऱ्यात व त्यांच्या नावांत सापडतात.

पूर्वपीठिका : दापोडी, हिवरे आणि शिवडी

पश्चिम भारतात सरकारी आश्रयाने वनस्पती उद्यान सुरू झाले ते मुंबईत नव्हे, तर पुण्याजवळ दापोडी येथे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८२८ मध्ये दापोडीचा बंगला व त्याभोवतालची जमीन सरकारने घेतली आणि तेथे उद्यानाचा पाया घातला गेला. पेशवाई बुडून तेव्हा अवघी दहा वर्षे झाली होती. नव्याने हाती आलेल्या मुलखात काय पिकते, काय पिकू शकेल आणि त्यातून महसूल किती वाढेल, हे जाणण्याची निकड कंपनी सरकारला होती. मॉरिशसच्या उसाचे व परदेशी कापसाचे प्रयोग या काळातलेच. त्यामुळे उद्यान या शब्दाने आज मनात येणारी विरंगुळ्याची कल्पना दापोडीला लागू पडत नाही. ते मुख्यत्वे प्रयोगक्षेत्र होते.

१८३८ पासून दापोडीची सूत्रे डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश शल्यचिकित्सकाकडे आली. जुन्नरजवळ हिवरे येथील शाखा उद्यानात त्यांनी औषधी वनस्पतींच्या लागवडीवर भर दिला. लष्कराच्या औषध भांडारासाठी लागणारी द्रव्ये विलायतेहून मागविण्याऐवजी येथेच तयार करावीत, हा त्यामागचा व्यवहारी विचार होता. कोकणातील व सह्याद्रीतील जंगले वेगाने तुटत आहेत आणि त्याचा परिणाम पाण्यावर होईल, असा इशारा सरकारला देणाऱ्यांत गिब्सन अग्रभागी होते. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. एन. ए. डाल्झेल यांच्यासमवेत त्यांनी सिद्ध केलेला मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. दशकभरापूर्वी त्यांनी दापोडीत एका चित्रकाराकडून वनस्पतींची पावणेदोनशेच्या आसपास चित्रे काढून घेतली होती. ही चित्रे आज एडिनबरोच्या शाही वनस्पती उद्यानात जतन केलेली आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय वंशाचा होता एवढेच ज्ञात आहे. त्याचे नाव नोंदले गेले नाही. गिब्सन यांच्या नावाने वनस्पती ओळखल्या जातात, आणि ज्याच्या नजरेने व बोटांनी त्या कागदावर उतरल्या तो मात्र अनामिक राहिला. ही विषमता पुढे भायखळ्याच्या इतिहासातही भेटते.

मुंबईत याच सुमारास वेगळ्या स्वरूपाची एक संस्था काम करीत होती. १८३० मध्ये स्थापन झालेल्या 'अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' या संस्थेची बाग शिवडी येथे होती. दापोडीचे उद्यान सरकारी होते, तर शिवडीची बाग वर्गणीदारांची. पुढे शिवडीची जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी हवीशी झाली. वाढत्या शहरात मृतांसाठी जागा उरली नव्हती. १८६१ मध्ये संस्थेला माझगाव-भायखळा परिसरात पर्यायी जमीन मिळाली आणि शिवडीला १८६५ च्या सुमारास दफनभूमी आकाराला आली. मुंबईच्या सर्वांत मोठ्या वनस्पती उद्यानाचा जन्म अशा रीतीने थडग्यांसाठी केलेल्या जागेच्या अदलाबदलीतून झाला.

१८६२ : एकाच दिवशी दोन आरंभ

१९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते 'व्हिक्टोरिया गार्डन्स' चे उद्घाटन झाले. त्याच दिवशी बागेच्या आवारात व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची कोनशिला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी बसविली. बाग आणि संग्रहालय ही जोडी योगायोगाने जुळली नव्हती. दोहोंच्या मागे एकच व्यक्ती होती, डॉ. जॉर्ज बर्डवुड. बेळगावात जन्मलेला हा वैद्य ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन करीत असे. मुंबई इलाख्यातील वनस्पतिजन्य उत्पादनांची त्याने सिद्ध केलेली सूची १८६२ मध्येच प्रसिद्ध झाली, आणि अल्पावधीत, १८६५ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. सूचीत जे शब्दांत आहे ते संग्रहालयात नमुन्यांच्या रूपाने आणि बागेत जिवंत स्वरूपात पाहता यावे, अशी ही रचना असल्याचे दिसते.

संग्रहालयाच्या समितीत बर्डवुड यांच्याबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड होते, तसेच जगन्नाथ शंकरशेट यांचा पाठिंबा होता. भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. कुष्ठरोगावर कवटीच्या तेलाचा त्यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. कवटी हा सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील वृक्ष. संस्कृत पोथ्या, ताम्रपट आणि रानातील वनस्पती या तिन्हींकडे सारख्याच चिकित्सक वृत्तीने पाहणाऱ्या या पिढीला वनस्पतिशास्त्र हा वैद्यकाचाच एक दालन वाटत होता. मुंबईत वनस्पतींचे आधुनिक ज्ञान शेतकी खात्यापेक्षा वैद्यकीय महाविद्यालयातून अधिक पसरले, ही बाब आजवर पुरेशी अधोरेखित झालेली नाही.

बागेचे आरंभीचे क्षेत्र सुमारे ३३ एकर होते. उद्घाटनाचा काळ शहराच्या भरभराटीचा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. वर्गण्या उदारपणे मिळाल्या. डेव्हिड ससून यांच्या नावाचा मनोरा आजही उद्यानाच्या आवारात उभा आहे. १८६५ मध्ये युद्ध संपले, शेअर बाजार कोसळला आणि वर्गणीदारांपैकी कित्येकांचे दिवाळे वाजले. संग्रहालयाचे बांधकाम रखडले. सरकारने लक्ष घातल्यावर ते पूर्ण होऊन २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांना खुले झाले. बाग सांभाळणे सोसायटीलाही झेपेना. १८७३ मध्ये ती मुंबई महापालिकेच्या ताब्यात गेली.

हे हस्तांतर बागेच्या इतिहासातील निर्णायक वळण होय. वर्गणीदारांची बाग करदात्यांची झाली. आरंभी भायखळा हे युरोपियनांच्या व सधन नागरिकांच्या बंगल्यांचे उपनगर होते. येथील क्लब प्रसिद्ध होता. १८५० च्या दशकात ताडदेवला पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि पुढील तीस-चाळीस वर्षांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ हा पट्टा गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. बंगल्यातील रहिवासी मलबार टेकडीकडे सरकले. ज्या बागेची आखणी सायंकाळच्या बग्ग्यांसाठी झाली होती, तिच्या भिंतीपलीकडे आता चाळी होत्या. घाट व कोकणातून आलेल्या गिरणी कामगाराला सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह सावलीत बसायला मिळणारी ही मोजक्या ठिकाणांपैकी एक जागा ठरली. या वर्गाने तिला दिलेले 'राणीची बाग' हे नाव इतके रुजले की स्वातंत्र्योत्तर काळात अधिकृत नाव बदलल्यावरही ते बोलण्यातून गेले नाही.

संग्रहालयातील आठ जण

१५ सप्टेंबर १८८३ रोजी याच आवारातील संग्रहालयात आठ निसर्गप्रेमी एकत्र जमले आणि त्यांनी 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' ची स्थापना केली. आपापल्या नोंदींची देवाणघेवाण करावी, नमुने एकमेकांस दाखवावेत, एवढाच मर्यादित हेतू होता. काही महिन्यांतच संस्थेचे बिऱ्हाड किल्ल्यातील फोर्ब्स स्ट्रीटवर हलले. त्यामुळे राणीच्या बागेशी असलेला तिचा हा जन्मसंबंध सहसा लक्षात येत नाही. आठ संस्थापकांपैकी दोघे भारतीय होते : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक. भाऊ दाजींप्रमाणेच ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले. सखाराम अर्जुन यांनी मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधींची सूची १८७९ मध्ये प्रसिद्ध केली होती. त्यांची सावत्र कन्या रखमाबाई हिचा खटला पुढे देशभर गाजला. १८८५ मध्येच निवर्तलेल्या सखाराम अर्जुनांना त्याचा निकाल पाहता आला नाही.

सामाजिक सुधारणेच्या इतिहासात ही दोन्ही नावे आदराने घेतली जातात. निसर्ग-अभ्यासाच्या इतिहासात मात्र ती तळटिपेत राहिली. प्रबोधनकाळाच्या अभ्यासकांनी या मंडळींची भाषणे, अर्ज व वादविवाद तपासले. त्यांच्या हर्बेरियमकडे व औषधी सूच्यांकडे कोणी फारसे वळले नाही. समाजातील रूढींची चिकित्सा करणारी बुद्धी आणि झाडाच्या सालीची परीक्षा करणारी बुद्धी या वेगळ्या मानण्याची सवय आपल्या विद्याशाखांनी आपणास लावली आहे. या मंडळींना ती नव्हती.

मुंबईच्या पक्ष्यांविषयीचे सुगम लेखनही याच परंपरेतून पुढे आले. 'ईएचए' या आद्याक्षरांनी लिहिणारे ई. एच. एटकेन यांचे मुंबईच्या सामान्य पक्ष्यांवरील पुस्तक १९०० मध्ये निघाले, तर डॉ. सालिम अलींचा भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध ग्रंथ १९४१ मध्ये. एटकेन यांनी दुर्मिळ पक्ष्यांच्या मागे न लागता शहरवासीयाला खिडकीतून दिसणाऱ्या कावळ्या-चिमण्यांना व घारींना विषय केले. सार्वजनिक बागेच्या संकल्पनेशी ही दृष्टी जुळणारी होती.

परदेशी झाडे, देशी नावे

राणीच्या बागेतील वृक्षसंग्रहाचे वैशिष्ट्य म्हणजे चार खंडांतील झाडे तेथे शेजारी-शेजारी वाढली आहेत. १८३० च्या दशकात नॅथॅनियल वॉर्ड या लंडनच्या वैद्याने शोधलेल्या बंद काचपेटीमुळे रोपांचा सागरी प्रवास सुकर झाला होता. पूर्वी खारे वारे व गोड्या पाण्याची टंचाई यांमुळे बहुतेक रोपे वाटेतच मरत. काचपेटीत तीच आर्द्रता पुन्हा पुन्हा वापरली जाई. वनस्पती उद्यानांचे जे जाळे साम्राज्यभर विणले गेले, त्याचे एक टोक लंडनजवळच्या क्यू उद्यानात, तर दुसरी टोके कोलकाता, पेरादेनिया, मॉरिशस येथे होती. भायखळा हे त्या जाळ्यातील तुलनेने छोटे ठाणे.

यांपैकी काही वृक्षांची कहाणी स्वतंत्रपणे पाहण्याजोगी आहे. अ‍ॅमहर्स्टिया नोबिलिस हा वृक्ष म्यानमारमधील. कोलकात्याच्या उद्यानाचे अधीक्षक नॅथॅनियल वॉलिच यांना तो १८२० च्या दशकात साल्वीन नदीच्या परिसरात एका पडक्या बौद्ध विहाराच्या बागेत आढळला. तत्पूर्वी त्यांनी त्याची फुले पाहिली होती ती एका गुहेत, बुद्धमूर्तींपुढे वाहिलेली. तांबूस गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांच्या फुलांचे लोंबते घोस असलेल्या या वृक्षाला त्यांनी गव्हर्नर-जनरल अ‍ॅमहर्स्ट यांच्या पत्नीचे व कन्येचे नाव दिले. इंग्लंडात त्याचे फूल पाहण्यासाठी सरदार घराण्यांत चुरस लागली होती आणि तेथे तो प्रथम फुलला १८४९ मध्ये. आपल्याकडे त्याला 'उर्वशी' म्हणतात. हे नाव कोणी दिले ते महत्त्वाचे नाही. अ‍ॅमहर्स्ट बाईसाहेबांचे नाव वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातच उरले आणि बागेत येणाऱ्याच्या ओठी अप्सरेचे नाव आले, हे महत्त्वाचे.

कैलासपतीचे उदाहरण याहून बोलके आहे. हा वृक्ष दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. खोडावरच फुटणाऱ्या मांसल फुलांत पुंकेसरांचा समूह फण्यासारखा मध्यभागी झुकलेला असतो. इंग्रजांना त्याच्या जड, गोल फळात तोफगोळा दिसला. येथील भाविकाला फुलात नागफणीखालचे शिवलिंग दिसले. परिणामी शे-दोनशे वर्षांपूर्वी भारतात नसलेले हे झाड शंकराच्या देवळापुढे अनादि काळापासून उभे असल्यासारखे उभे आहे. आफ्रिकेतील गोरखचिंच त्याहून पुष्कळ आधी, अरब व पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आली असे मानले जाते. तिला नाथपंथाने आपलेसे केले. राणीच्या बागेतील गोरखचिंचेखाली उभे राहिल्यास तिचे हत्तीच्या पायासारखे फुगीर खोड पाहून वय शंभराच्या कितीतरी पुढचे असावे असे वाटते. मात्र या जातीत खोडाच्या घेरावरून वय सांगणे धोक्याचे असते.

परकीय ते त्याज्य आणि देशी ते पूज्य, असा सरळ विभाग लोकजीवनाने केलेला नाही, हे या नावांवरून ध्यानात येते. अलीकडे परदेशी वृक्षांबाबत पर्यावरणीय आक्षेप घेतले जातात, व रस्त्याकडेच्या एकसुरी लागवडीपुरते ते योग्यही आहेत. पक्षी व कीटक ज्या झाडांवर पोसले जातात ती देशी झाडे डावलून केवळ वेगाने वाढणारी लावली गेली, ही तक्रार खरी आहे. परंतु वनस्पती उद्यानाला तोच निकष लावणे म्हणजे ग्रंथालयात परभाषेतील पुस्तके का, असे विचारण्यासारखे आहे.

बागेचे पंचांग

दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मराठी महिन्यांच्या क्रमाने झाडे-पक्षी पाहण्याची एक रीत मराठी वाचकाला मिळाली. मुंबईसारख्या शहरात इंग्रजी दिनदर्शिकेपेक्षा ही रीत अधिक उपयोगी पडते, कारण येथील निसर्गाचे वर्ष पाऊस येण्या-जाण्यावर बेतलेले आहे.

माघात सावर निष्पर्ण होऊन लाल, जाडसर फुलांनी भरते. पाठोपाठ फाल्गुनात पळस व पांगारा. या तिन्ही झाडांना पान नसताना फूल येते आणि फुलात मधाचा साठा मोठा असतो. परिणामी साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, कावळे यांची त्यांवर झुंबड उडते. पूर्व युरोप व मध्य आशियातून हिवाळ्यात आलेल्या भोरड्या परतीच्या वाटेवर असतात. त्यांना 'पळसमैना' हे दुसरे नाव मिळाले ते या झाडामुळेच. सीतेचा अशोक याच दिवसांत खोडाफांद्यांवर केशरी गुच्छ धरतो. मुंबईत अशोक म्हणून रस्तोरस्ती जो उंच, सरळसोट वृक्ष दाखविला जातो तो वेगळाच. खरा अशोक ओळखण्यासाठी कित्येक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना या बागेचाच आधार मिळाला आहे.

चैत्रात कुसुंबाची कोवळी पालवी लाल होते, करंज फुलतो आणि कोकिळाचा आवाज वाढतो. तांबटाचे ठोके तर दुपारच्या शांततेत अखंड चालू असतात. वैशाखात बहावा पिवळा, तामण जांभळी आणि गुलमोहर लाल, असे तीन रंग एकाच वेळी दिसतात. तामण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प.

गुलमोहराविषयी येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. हा मादागास्करचा वृक्ष. दक्षिण गोलार्धातील आपल्या मायभूमीत तो वर्षअखेरीस, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास फुलतो; तेथे पावसाळ्याचा आरंभ तेव्हा होतो. मुंबईत तो मे महिन्यात फुलतो. गोरखचिंचेचेही तसेच. दक्षिण आफ्रिकेत वर्षाच्या अखेरीकडे फुलणारे हे झाड येथे डिसेंबरपासून उघडेबोडके असते, आणि मृगाच्या आगेमागे त्याला पालवी येऊन मोठी पांढरी फुले लोंबू लागतात. फुले रात्री उमलतात आणि त्यांचे परागीकरण वटवाघळे करतात. विषुववृत्त ओलांडून आलेल्या या झाडांनी महिना बदलला, पण पावसाशी असलेले नाते बदलले नाही.

ज्येष्ठात, जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मुंबईत पाऊस पोहोचतो. त्याच्या अगोदर नवरंग पक्षी किनाऱ्यावरून उत्तरेकडे जाताना शहरातील बागांतून क्षणभर विसावतात. थकून जमिनीवर उतरलेला नवरंग सापडल्याच्या नोंदी मुंबईत वारंवार झाल्या आहेत. चातकही याच वेळी येतो. आषाढ-श्रावणात कदंबाचे गेंद दिसू लागतात. या दिवसांत बागेतील पायवाटांवर माणसे कमी असतात, आणि माळ्यांच्या दृष्टीने हाच कामाचा हंगाम : रोपे लावणे, कलमे बांधणे, वादळात मोडलेल्या फांद्या उतरविणे. आश्विन-कार्तिकात सातविणीचा वास संध्याकाळी लांबवर पसरतो. तो सर्वांनाच सुखावतो असे नाही. त्यानंतर आकाशनीम आपली लांब देठांची शुभ्र फुले जमिनीवर टाकू लागतो. हळद्या आणि धोबी हे पाहुणे तोवर येऊन दाखल झालेले असतात.

या नोंदी ऐकावयास साध्या वाटतात. पण हवामान बदलाच्या अभ्यासात आज फुलोऱ्याच्या व स्थलांतराच्या तारखांना मोठे महत्त्व आले आहे. दीडशेहून अधिक वर्षे एकाच जागी उभ्या असलेल्या झाडांच्या फुलण्याची सलग वार्षिक नोंद ठेवली गेली असती, तर तिचे मोल आज कोणत्याही शिलालेखापेक्षा कमी ठरले नसते. असे नोंदपुस्तक सांभाळणे महाविद्यालयीन वनस्पतिशास्त्र विभागांच्या आवाक्याबाहेरचे कधीच नव्हते.

प्राण्यांचे आगमन आणि पुतळ्यांचे

१८९० मध्ये बागेला सुमारे १५ एकरांची जोड देऊन प्राणिसंग्रहालय सुरू करण्यात आले. लोकप्रियता झपाट्याने वाढली आणि बागेची ओळख पालटली. पुढील काळात कोणालाही 'राणीच्या बागेत काय आहे' असे विचारल्यास वाघ, सिंह, हत्ती अशी उत्तरे मिळू लागली. उर्वशीचे किंवा अशोकाचे नाव कोणी घेत नसे.

प्राण्यांखेरीज अन्य वस्तूंनाही बागेत आश्रय मिळाला. घारापुरीचा प्रचंड पाषाणहत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटले, १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत भंगला. त्याचे तुकडे येथे आणून ठेवले गेले व १९१४ मध्ये ते पुन्हा जुळविण्यात आले. १९६५ मध्ये 'काळा घोडा' म्हणून ओळखला जाणारा सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा किल्ल्यातून उचलून भायखळ्यास आणला गेला. सत्तांतरानंतर निरुपयोगी ठरलेल्या राजचिन्हांना सावली देण्याचे कामही झाडांकडे आले. संग्रहालयाला १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले, हे उचित झाले. सखाराम अर्जुनांच्या नावाचा एखादा वाफाही बागेत असावयास हरकत नव्हती.

२००७ आणि त्यानंतर

ओळख पालटल्याचा खरा परिणाम २००७ मध्ये समोर आला. महापालिकेने प्राणिसंग्रहालयाला आंतरराष्ट्रीय स्वरूप देण्यासाठी चारशे कोटी रुपयांहून अधिक खर्चाचा आराखडा परदेशी सल्लागारांकडून तयार करून घेतला. नवे पिंजरे, नवी आवारे, नव्या वास्तू यांचा त्यात समावेश होता. जुने वृक्ष हा त्या आराखड्यातील मुख्य विषय नव्हता. प्रशासनाच्या बाजूने युक्तिवाद होता, आणि तो सर्वस्वी चुकीचा म्हणता येणार नाही : एकोणिसाव्या शतकातील अरुंद पिंजऱ्यांत प्राण्यांना ठेवणे अमानुष होते आणि केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या निकषांनुसार बदल करणे भागच होते. प्रश्न होता तो जागेचा. प्राण्यांना मोकळी आवारे हवी असतील तर ती कोठून येणार? बाग मुळात ५० एकरांच्या आसपास. जे प्राण्यांना दिले जाईल ते झाडांच्या मुळांवरून जाणार.

याला विरोध करण्यासाठी काही नागरिक, त्यांत महिलांचा पुढाकार मोठा, एकत्र आले. त्यांच्या मोहिमेची पद्धत इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घेण्यासारखी आहे. घोषणा देण्याअगोदर त्यांनी झाडे मोजली. तज्ज्ञांच्या साहाय्याने वृक्षांची ओळख पटवून यादी केली, तेव्हा तीन हजारांहून अधिक वृक्ष व त्यांच्या सुमारे २८० जाती असल्याचे पुढे आले. जुन्या कागदपत्रांच्या आधारे बाग मूलतः वनस्पती उद्यान म्हणून स्थापन झाली होती हे त्यांनी मांडले. बर्डवुडने १८६२ मध्ये जी सूची करण्याची परंपरा घालून दिली होती, तिचाच उपयोग नागरिकांनी महापालिकेपुढे केला. वारसा समितीचे आक्षेप आले आणि मूळ आराखडा मागे पडला. पुढे कमी खर्चाची सुधारित योजना राबविली गेली. जुलै २०१६ मध्ये सेऊलहून आठ हंबोल्ट पेंग्विन आणण्यात आले, त्यांपैकी एकाचा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मृत्यू झाला, आणि मार्च २०१७ मध्ये शीतगृह लोकांना खुले झाले. पेरू व चिलीच्या थंड सागरी प्रवाहांजवळ राहणारे हे पक्षी पाहण्यासाठी लागलेल्या रांगा गोरखचिंचेपर्यंत गेल्या नसतील असे नाही. तिच्याकडे वर पाहिले किती जणांनी, हा प्रश्न वेगळा.

मोहिमेतील यादीचे काम करताना बागेतील जुन्याजाणत्या माळ्यांचे ज्ञान किती उपयोगी पडले असेल याची कल्पना, ज्याने अशा बागेत एकदा तरी हिंडून झाडे ओळखण्याचा प्रयत्न केला आहे, त्याला सहज करता येईल. झाडावर पाटी नसते, असली तर गंजलेली असते किंवा शेजारच्या झाडाची असते. कोणते झाड केव्हा फुलते, कोणत्या फांदीवर दरवर्षी बगळे घरटे करतात, कोणत्या वादळात कोणते झाड पडले आणि त्या जागी काय लावले, हे माळ्याला ठाऊक असते. १८६२ पासून ही बाग ज्यांनी पाण्यावाचून मरू दिली नाही त्यांची नावे वार्षिक अहवालांत नाहीत. दापोडीच्या चित्रकाराचीही नव्हती. निवृत्त झालेल्या माळ्यांच्या मुलाखती घेऊन हे मौखिक ज्ञान लिहून ठेवण्याचे काम मात्र अद्याप वेळ न गेलेले आहे. त्यासाठी सोयीचे दिवस फाल्गुन-चैत्राचे : पानझड झालेली असते, झाडांचे आकार स्पष्ट दिसतात, आणि माळ्यांना पावसाळ्याच्या मानाने थोडी सवड असते.